पडलेले विमान आणि त्याची गोष्ट

टीका लिहावयाची ती कथाकादंबऱ्यांवर, कवितासंग्रहांवर, फार तर नाटकांवर, असा आपल्याकडे एक अलिखित करार आहे. ज्या गद्यावर मराठी माणूस रोज सकाळी चहाबरोबर पोसला जातो, त्या वर्तमानपत्री गद्याकडे, आणि आता दूरचित्रवाणीच्या पडद्याखालून धावणाऱ्या पट्टीकडे, टीकाकाराच्या नजरेने कोणी पाहत नाही. जणू ते गद्यच नव्हे. यंदा संपादकांनी ‘काय देता?’ असे विचारले तेव्हा मी म्हटले, विमान अपघातांच्या बातम्यांवर लिहितो. ते क्षणभर थांबले आणि मग ‘बरे’ म्हणाले. त्या ‘बरे’मधला संशय मला ऐकू आला. तो वाचकांच्याही मनात असेल. असो.

विमानविद्येतला माझा अधिकार शून्य आहे. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला शाळामास्तर, आणि चार कादंबऱ्यांचा लेखक. परंतु गोष्ट कशी रचतात, तीत काय घेतात आणि काय गाळतात, हे माझ्या धंद्यातले आहे. शिवाय मी घाटकोपरचा. पूर्वेकडून सांताक्रूझच्या धावपट्टीवर उतरणारी विमाने आमच्या डोक्यावरून जातात, इतकी खालून की चाके मोजता यावीत. आमच्या शाळेत शिकवताना वाक्याच्या मध्येच थांबण्याची सवय सगळ्या मास्तरांना लागलेली आहे. विमान पुढे गेले की कर्ता सोडून आलेले क्रियापद आपण उच्चारावयाचे. मुलांनाही त्यात काही वावगे वाटत नाही.

२८ जून २०१८ रोजी, भर पावसात, दुपारी एकच्या सुमारास असेच एक छोटे विमान घाटकोपर पश्चिमेला जागृतीनगरच्या बाजूस, एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या आवारात पडले. दोन इंजिनांचे ‘किंग एअर सी-९०’ जातीचे हे विमान जुहूच्या विमानतळावरून चाचणीसाठी उडाले होते. बरीच वर्षे न उडता दुरुस्तीत असलेले विमान पुन्हा उडण्याजोगे झाले आहे की नाही, हे पाहावयाचे ते उड्डाण. आत चौघे होते: दोन वैमानिक, एक अभियंता आणि एक तंत्रज्ञ. चौघेही गेले, आणि पाचवा गेला तो रस्त्यावरचा माणूस. बांधकामावरचे मजूर जेवायला गेले होते म्हणून वाचले.

त्या दिवशीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्या मी जपून ठेवल्या आहेत. त्या एकापुढे एक ठेवून वाचल्या की गोष्ट कशी घडवली गेली ते स्वच्छ दिसते. पहिल्या तासात पट्टीवर आले, उत्तर प्रदेश सरकारचे विमान कोसळले. विमानाच्या नोंदणीच्या अक्षरांवरून कोणी तरी हा तर्क केला. त्या सरकारने, आम्ही ते केव्हाच विकून टाकले आहे, असा खुलासा केला तेव्हा पट्टी बदलली. मग गोष्टीला नायक मिळाला. वैमानिकाने प्रसंगावधान राखून गजबजलेली वस्ती टाळली, मोकळी जागा निवडली, आणि स्वतःचे प्राण देऊन शेकडोंचे वाचवले. एका माजी विमानवाहतूक मंत्र्यांनीही तशीच वंदना केली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आमच्या चाळीत प्रत्येकाच्या तोंडी होती. सांगताना लोकांचे डोळे भरून येत होते, माझेही आले.

आता टीकाकार म्हणून प्रश्न विचारायचा तो असा. अपघातानंतर दोन तासांत हे कोणाला आणि कसे कळले? त्या क्षणी वैमानिकाच्या हाती विमानाचा ताबा होता की नव्हता, त्याला खाली काय दिसत होते, पावसाच्या ढगातून काही दिसत तरी होते का, हे ठरवावयास ध्वनिमुद्रण ऐकावे लागते, अवशेष तपासावे लागतात, महिने लागतात. बातमीदाराला ते ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. पण गोष्टीला नायक हवा होता आणि मेलेला माणूस नकार देऊ शकत नाही. हे दिसावयास गौरवाचे आहे. वस्तुतः त्यात मृताची एक बारीक उपेक्षाच आहे. धोक्याचे काम नेमून दिले म्हणून ते करावयास गेलेली माणसे, एवढे म्हटले तर तेवढ्याने त्यांचे मोठेपण भागत नाही, असे गृहीत धरलेले आहे.

आणि त्या चौघांतले उरलेले दोघे? अभियंता आणि तंत्रज्ञ? त्यांच्या वाट्याला मृतांच्या यादीतली एकेक ओळ आली. खरे तर चाचणी उड्डाणाची गोष्ट त्यांचीच. आपण दुरुस्त केलेल्या यंत्रात स्वतः बसून वर जायचे, यासारखा प्रसंग कादंबरीकाराला शोधूनही सापडावयाचा नाही. पण बातमीला मेकॅनिक हे पात्र चालत नाही. त्याच्या डोक्यावर टोपी नसते, त्याचे हात तेलाने माखलेले असतात आणि तो कॅमेऱ्याकडे पाहून हसत नाही.

या बातम्यांत दोन शब्दप्रयोग हटकून येतात. त्यांच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. पहिला ‘काळाचा घाला’. हा आपल्या भाषेतला जुना, दमदार प्रयोग आहे, त्याच्याशी माझे वैर नाही. साप चावून माणूस गेला, वीज पडून गेला, तर काळाने घाला घातला असे म्हणणे शोभते. पण जेथे एक बोल्ट आहे, तो बसवणारा हात आहे, त्या हाताला तो बोल्ट देणारे भांडार आहे, भांडारातला दिवा आहे, आणि तो दिवा बदलावयाचा की नाही हे ठरवणारा साहेब आहे, तेथे काळ कशाला आणावयाचा? काळ आला की बाकीचे सगळे निर्दोष सुटतात. अपघाताला कारण उरत नाही, केवळ मुहूर्त उरतो. याच घराण्यातले ‘देव तारी त्याला कोण मारी’. एक जण वाचला की हे आलेच. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान पडले, आतल्या २४२ पैकी २४१ गेले, जमिनीवरचे १९ गेले. यानंतर आमच्या पडद्यांवर कितीतरी दिवस ‘११ ए’ या आसनाचे माहात्म्य चालले होते. आसन दैवी ठरले म्हणजे बाकीची २४१ आसने काय ठरली, हा हिशेब कोणी केला नाही.

दुसरा प्रयोग ‘तांत्रिक बिघाड’. हा दिसावयास शास्त्रीय आहे. याने कारण सांगितल्याचा भास होतो आणि सांगितलेले काहीच नसते. पोट दुखत आहे म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला ‘शारीरिक विकार’ असे निदान मिळाले तर तो पैसे परत मागेल. आपण ‘तांत्रिक बिघाड’ वाचतो आणि पान उलटतो. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात हवेचा दाब राहिला नाही आणि १६६ प्रवाशांपैकी सुमारे तीस जणांच्या नाका-कानांतून रक्त आले. विमान मुंबईस परतले. नाकाला रुमाल लावलेल्या प्रवाशांची छायाचित्रे सगळीकडे झळकली, मथळ्यांत ‘हवेत थरार’ आला. कारण काय, तर आत हवेचा दाब राखणारी कळ उड्डाणाच्या वेळी दाबावयाची राहिली होती. म्हणजे तांत्रिक बिघाडही नाही आणि काळाचा घालाही नाही. एक कळ. ती का राहिली, यादी वाचताना कोणते वाक्य कोणाच्या ओठांवर अडले, हा खरा कथाविषय. बातमी तेथवर जाण्याआधीच दुसऱ्या थराराकडे वळली होती.

याच्या उलट, ज्यांना मी या विषयातले उत्तम गद्य म्हणेन ते लेखन कोणत्याही साहित्यसंमेलनात वाचले जाणार नाही. ते चौकशीचे अहवाल होत. यांतला एक मी वर्षभर पुन्हा पुन्हा वाचला. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघाले. सतरा हजार फुटांवर कप्तानापुढची काच निखळून गेली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. विमानातल्या सेवकाने त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवले, आणि आश्चर्य म्हणजे कप्तानासकट सगळे वाचले. आपल्या वृत्तपत्रांनी ही गोष्ट येथेच संपवली असती, ‘देव तारी’ने. अहवाल येथून सुरू होतो. ती काच सत्तावीस तास आधी बदलली होती. नव्वद बोल्टांपैकी चौऱ्याऐंशींचा व्यास सव्वीस हजारांश इंचाने कमी होता, उरलेले सहा आखूड होते. रात्रपाळी, मध्यरात्र उलटून गेलेली. माणसे कमी, म्हणून पाळीप्रमुखाने काम स्वतःच अंगावर घेतले. भांडारातल्या माणसाने त्याला योग्य मापाचा आकडा सांगितला होता. पण याने हाती जुना बोल्ट होता त्याच्याशी नवा डोळ्यांनी ताडून पाहिला, आणि तोही अंधुक उजेडात, जवळचे दिसावयास लागणारा चष्मा न लावता. काचेपर्यंत नीट पोचता येत नव्हते म्हणून फळीवरून वाकून त्याने बोल्ट आवळले, त्यामुळे बोल्ट छिद्रात सैल बसतो आहे हे त्याला दिसले नाही.

पाहा, येथे खलपुरुष कोठे आहे? हा माणूस आळशी नव्हता, उलट सहकाऱ्यांवर ओझे नको म्हणून राबत होता. स्वतःच्या अनुभवावर त्याचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाला आजवर कोणी धक्का दिला नव्हता. स्वभावातून कृती, कृतीतून परिणाम, आणि सभोवतीची परिस्थिती प्रत्येक पावलाला आपला भार घालते आहे, यालाच आपण चांगल्या कादंबरीत वास्तव म्हणतो. अहवाल लिहिणाराला हे साधले, कारण दोषी शोधणे हे त्याचे कामच नव्हते. विमान अपघातांच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियम हेच सांगतो की चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी, कोणावर ठपका ठेवण्यासाठी नव्हे. आपल्याकडच्या विमान अपघात अन्वेषण विभागालाही हेच बंधन आहे. पात्राचा न्यायनिवाडा करावयाचा नाही एवढे ठरवले की पात्र किती स्पष्ट दिसू लागते, याचा हा वस्तुपाठ आहे.

माझा एक जुना विद्यार्थी मरोळला राहतो आणि विमानांच्या देखभालीचे काम करतो. गणपतीत तो घरी आला होता. मी त्याला विचारले, वर्तमानपत्रात तुमच्याविषयी येते ते वाचतोस का? तो म्हणाला, “सर, आमच्याविषयी येतच नाही. आम्ही चुकलो तरच येतं.” मग त्याने मला जे सांगितले ते कोणत्याही बातमीत मी वाचले नव्हते. वैमानिक उतरला की वहीत तक्रार लिहितो. त्या तक्रारीखाली परवानाधारक अभियंत्याची सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. काम संपले की हत्यारे मोजायची. फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, एक आकृती रिकामी दिसली तर पाना सापडेपर्यंत विमान सोडायचे नाही. आणि काही वस्तू नादुरुस्त असूनही विमान नियमाने उडू शकते. अशा वस्तूंची छापील यादी असते आणि दुरुस्तीची मुदत ठरलेली असते, कोणाला तीन दिवस, कोणाला दहा, कोणाला एकशेवीस. “बिघाड असतानाही विमान उडवले!” असा मथळा आला की हा मुलगा हसतो. उलट तीच दुरुस्ती मुदतीच्या शेवटच्या दिवशी होते आणि आठवड्याने तोच बिघाड पुन्हा वहीत येतो, असे चार वेळा झाले, तर त्याची झोप उडते. पण ही बातमी नव्हे. ती कळावयास वही वाचावी लागते.

१६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर एअर इंडियाचा एक तंत्रज्ञ हैदराबादला निघालेल्या विमानाच्या इंजिनात खेचला जाऊन मेला. त्या बातमीत इंजिनाचे वर्णन होते, शरीराचे वर्णन होते. लिहावयास नको ते सगळे लिहिलेले होते. निघण्यापूर्वी त्या माणसाचे काम काय असते, तो कोणत्या बाजूला उभा राहतो, वैमानिकाला कोण काय खूण करतो, हे चार ओळींत सांगितले असते तर वाचकाला मृत्यूचा अर्थ लागला असता. तसे झाले नाही, आणि दोन दिवसांत सगळे थंडावले.

नायकाचे उलटे रूप म्हणजे खलपुरुष. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘एम्परर अशोक’ हे एअर इंडियाचे जंबो विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले. २१३ माणसे गेली. आमच्या घरातली वडीलधारी माणसे त्या रात्रीविषयी अजून बोलतात, आणि बोलताना ‘बॉम्ब’ हा शब्द येतो, कारण प्रथम घातपाताचाच संशय छापून आला होता. प्रत्यक्षात कप्तानापुढचे, विमान कोणत्या बाजूस कलले आहे ते दाखवणारे यंत्र बिघडले होते. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज नाही. विमान डावीकडे कलत गेले आणि यंत्र सांगत होते उजवीकडे. सहकाऱ्याचे यंत्र बरोबर होते, पण कप्तानाने विश्वास ठेवला तो स्वतःपुढच्यावर. एक यंत्र आणि एक माणूस, दोघांची चूक एकमेकांत गुंतलेली. ती सुटी करून एकाच्या पदरात टाकता येत नाही. घातपाताची गोष्ट मात्र चाळीस वर्षे टिकून आहे, कारण ती सांगावयास सोपी आहे.

अहमदाबादच्या अपघातात तेच झाले, फक्त अधिक वेगाने. १२ जुलै २०२५ रोजी प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. पंधरा पानांचा. त्यात असे होते की उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधन चालू-बंद करणारी बटणे, एका सेकंदाच्या अंतराने, ‘बंद’कडे गेली आणि पुन्हा ‘चालू’ केली गेली. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, तू बंद का केलेस? दुसरा म्हणतो, मी केले नाही. कोणी विचारले आणि कोणी उत्तर दिले, हे अहवालाने सांगितले नाही. त्याच अहवालात असेही होते की अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने २०१८ मध्ये अशा बटणांच्या कुलपाविषयी एक सूचना काढली होती. ती सक्तीची नव्हती, म्हणून ती तपासणी केली गेली नव्हती. शिवाय ज्या भागावर ती बटणे बसवलेली असतात तो या विमानात २०१९ आणि २०२३ मध्ये बदलला होता. पंधरा पानांतून परदेशी आणि देशी पत्रांनी उचलले ते एक संभाषण. दोन दिवसांत कप्तानाचे मन, त्याचे एकटेपण, त्याचा वृद्ध पिता, सगळे बाजारात आले. कप्तान आमच्याच उपनगरातला, पवईचा. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षांनी या बातम्या अकाली आणि तर्काधारित आहेत असे जाहीरपणे म्हटले, परंतु तोवर गोष्ट पुरी झाली होती. मी येथे कप्तानाचा बचाव करीत नाही. मला त्याचा अधिकार नाही आणि माहितीही नाही. मला आक्षेप आहे तो लेखनाच्या अंगाने. ज्याच्याविषयी लेखकाला काही ठाऊक नाही त्याचे मनोविश्लेषण लिहिणारा कादंबरीकारही आपल्या टीकाकारांच्या हातून सुटत नाही. मग बातमीदाराला ही सवलत का?

माझे एक सहशिक्षक हे सगळे ऐकून म्हणाले, “मास्तर, रिव्हेटांची बातमी वाचणार कोण? लोकांना माणूस हवा.” त्यांचे म्हणणे अगदी टाकाऊ नाही. लोकांना माणूस हवा हे खरेच. पण रिव्हेट बसवणारा माणूसच नव्हे काय? आणि दोष एकट्या बातमीदाराचा आहे असे म्हणणेही एकांगी होईल. घाटकोपरच्या अपघातानंतर, इतक्या पावसात चाचणी उड्डाण का होऊ दिले, हा प्रश्न वर्तमानपत्रांनीच विचारला. त्याला संध्याकाळी सहापर्यंत मजकूर द्यावयाचा असतो, आणि अहवाल येतो वर्ष-दोन वर्षांनी. येतो तेव्हा तो इंग्रजीत असतो, सरकारी संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात पडलेला. आमच्या डोक्यावर पडलेल्या विमानाचा अहवाल आमच्या भाषेत नाही. मी तो शब्दकोश घेऊन बसलो. जागृतीनगरातल्या ज्या बायका त्या दुपारी पदर तोंडाला लावून धुरातून धावल्या, त्या तो कशा वाचणार?

आणि आम्ही कादंबरीकार? आम्ही गिरणी पाहिली, चाळ पाहिली, शेत पाहिले. कलिना, मरोळ, विलेपार्ले येथून तीन पाळ्यांत विमानतळावर कामाला जाणाऱ्या माणसांच्या दोन-तीन पिढ्या आमच्या शेजारी राहिल्या, आणि हँगरमध्ये घडणारी मराठी कादंबरी निदान माझ्या वाचनात नाही. विमान आमच्या पुस्तकांत येते ते मुलगा अमेरिकेला जातो म्हणून.

जपानमध्ये १२ ऑगस्ट १९८५ रोजी एक जंबो विमान डोंगरावर पडून ५२० माणसे मेली. कारण निघाले ते सात वर्षांपूर्वीचे. १९७८ मध्ये शेपटी जमिनीला घासली होती. दुरुस्तीत मागच्या पडद्याला एक पट्टी जोडावयाची, ती दोन तुकड्यांत जोडली गेली. रिव्हेटांच्या दोन ओळींनी जो भार घ्यावयाचा तो एकाच ओळीवर आला. त्या एका ओळीवर विमान बारा हजारांहून अधिक वेळा उडाले. २००६ मध्ये त्या कंपनीने आपल्या कामगारांसाठी एक दालन उघडले. तेथे तो फाटलेला पडदा ठेवलेला आहे, आणि विमान पडण्याआधीच्या अर्ध्या तासात प्रवाशांनी घरच्यांना लिहिलेल्या चिठ्ठ्याही ठेवल्या आहेत. आपल्या पत्रांत या अपघाताविषयी जेव्हा जेव्हा काही आले तेव्हा चिठ्ठ्या आल्या, पडदा आला नाही.

या अहवालांचे मराठी कोणी करावयास घेतले तर एक सूचना करून ठेवतो. पारिभाषिक शब्दांसाठी मंडळ नेमू नये. भाषांतरकाराने कुर्ल्याच्या किंवा साकीनाक्याच्या एखाद्या वर्कशॉपात आठवडाभर बसावे. तेथे रिव्हेटला रिव्हेट म्हणतात, बोल्टला बोल्ट, आणि बोल्ट छिद्रात सैल बसला तर ‘खेळतोय’ म्हणतात. बर्मिंगहॅमच्या त्या चौऱ्याऐंशी बोल्टांविषयी याहून नेमके क्रियापद मला इंग्रजी अहवालातही सापडले नाही.